सरांची मराठी

"मूळचे कुठले म्हणायचे तुम्ही?"

कॉम्प्युटर लॅबच्या दारात सरांनी मला हे विचारलं आणि माझे डोळे भरून आले. कारण त्यांनी ते मराठीत विचारलं होतं. झाशीत घराबाहेर मराठी कानावर पडते कुठे? मी फोनवर आईला "हो गं, पोचले" म्हणाले, ते त्यांनी ऐकलं असणार. सर इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. घर सिव्हिल लाइन्समध्ये. "या, या, आपलीच माणसं निघालात की," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने पुढच्या रांगेतली खुर्ची ओढून दिली.

मी चाळिशीकडे झुकलेली बाई. बारावी होताच लग्न. मग एका नर्सरी शाळेत आया. पोरांची नाकं पुसून जीव विटला, तेव्हा नवऱ्याच्या मागे लागून प्रोग्रामिंगच्या पदविकेला नाव घातलं. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं मॅडम समजून उठून उभी राहिली. मला पळून जावंसं वाटलं होतं. म्हणून ती खुर्ची मला फार मोठी वाटली.

"भुसावळकडचे," मी म्हणाले. "वडील इथे रेल्वेत होते."

"वा! कशावर?"

"यार्डात. डबे धुवायचे."

"आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालेच नव्हते. आता सांगितलं.

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसता त्यातला जीव गेला. त्यांनी खुर्ची परत टेबलाखाली सारली.

"अच्छा। पीछे रिया के साथ बैठ जाओ। टाइप वही करेगी, तुम देखना।"

झालं. मराठी संपली. त्यानंतर वर्षभर सर माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलले नाहीत.

मी मुकाट मागे जाऊन बसले.

लॅबमधली अर्धी मशिनं बंद, त्यामुळे एका मशीनवर दोघं. बाकीचे आळीपाळीने टाइप करायचे. माझी पाळी आलीच नाही. एकदा रिया पाणी प्यायला उठली. मी माउसवर हात ठेवला, नुसता ठेवला. समोरून आवाज आला, "हाथ मत लगाओ, खराब हो जाएगा।" चटका बसल्यासारखा मी हात मागे घेतला. रिया वाईट नव्हती. एकोणीस-वीस वर्षांची पोर. "दीदी, मैं कर देती हूँ ना," म्हणायची. पण सर तसं बोलले तेव्हा तिने मान वर केली नाही.

कशालाही हात लावू नकोस, हे मी लहानपणीही ऐकलं होतं, आईच्या तोंडून. आई इथल्या लष्करी छावणीतल्या बंगल्यांवर कामाला जायची. मागच्या दाराशी बांगड्या वर सारून हाक येईपर्यंत उभी राहायची, आणि मला दटावायची. तिची भीती माझ्या हातांत उतरली होती. लॅबच्या पायऱ्या कठडा धरूनच मी चढायची. आईचा राग यायचा, मग स्वतःचा. सरांचा राग यायला फार उशीर लागला.

घरी मी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर पेनाने कीबोर्ड काढला. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर ओट्यापाशी उभी राहून त्यावर बोटं चालवायची. लेक हसायची. हसू दे.

परीक्षेच्या आधी सर म्हणाले, "रिया का ही प्रोग्राम दिखा देना। पास हो जाओगी। इस उमर में और क्या चाहिए?"

"जी, सर," मी म्हणाले.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आणि घरी पोचेपर्यंत तेच सुटल्यासारखं वाटणं मला आतून कुरतडायला लागलं.

परीक्षा घ्यायला कानपूरहून बाहेरचे परीक्षक आले होते. रियाचं काम झालं, ती उठली. मी तिच्या खुर्चीत सरकले. स्क्रीन कोरी केली आणि टाइप करायला लागले.

सर झपाझप आले. माझ्या कानाशी वाकले.

"उठा हो बाई. बाहेरचे लोक आहेत. आपल्याआपल्यात शोभा नको."

मराठी! वर्षभराने. आणि आपल्याआपल्यात!

लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला बरं वाटलं. इतकी मी भुकेली होते. मग लक्षात आलं, कानपूरच्या माणसाला कळू नये म्हणून ही मराठी आहे. मला उठवण्यासाठी. मला गप्प करण्यासाठी. एरवी मी त्यांची कोण?

मी मोठ्याने बोलले. आवाज फाटला, फाटू दिला.

"सर, मराठी में मत बोलिए। जो कहना है, हिंदी में कहिए, सब सुनें। मैं नहीं उठूँगी।"

परीक्षकांनी मान वर केली. "क्या बात है?"

"कुछ नहीं, सर," म्हणत सर मागे सरले.

झाकणावरची बटणं दाबली जात नाहीत. खरी दाबली जातात, हे बोटांना ठाऊकच नव्हतं. जोर जास्त पडला, एकेक अक्षर दोनदा उमटलं. प्रोग्राम चालला नाही. चूक दाखवणारी लाल ओळ आली. ती दुरुस्त केली, दुसरी आली. तेवढ्यात वेळ संपला.

"बस, इतना ही हुआ?" परीक्षकांनी विचारलं.

"जी। पर मैंने किया है।"

निकाल अजून लागलेला नाही. अंतर्गत गुण सरांच्या हातात आहेत. ते काय करतील, सांगता येत नाही. नापास केलं तर पुन्हा नाव घालेन. त्याच पायऱ्या चढेन, कठडा धरून का होईना. आणि सरांनी टेबलाखाली सारलेली ती पुढची खुर्ची स्वतः ओढून बसेन. भीती हातांत राहीलच. त्याच हातांनी टाइप करेन. मग कुणी कुठल्याही भाषेत ऊठ म्हणो, मी उठणार नाही.