बॅटरी काढलेला फोन

भूतखेत, दृष्ट, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी घरात शिरू दिलं नाही. म्हणून जे घडलं, तेवढंच लिहिते.

आमचं घर उमरग्याच्या बाहेर, हैदराबादकडं जाणाऱ्या हायवेला लागून. मागं विहीर. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात पाणी इतकं खोल गेलं, की काठावरच्या इंजिनाला ते ओढवेना. म्हणून माझे धाकटे दीर, अशोकभावजी, यांनी डिझेल इंजिनच दोरानं विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं होतं.

त्याच वर्षी माझ्या भावानं कुवेतहून कॉर्डलेस फोन आणला. त्याची निगा माझ्याकडं. ओल्या हातानं धरायचा नाही, आभाळ गडगडलं की भिंतीतली पिन काढायची, अधूनमधून बॅटरी काढून तिची टोकं कोरड्या फडक्यानं पुसायची. भावजी चिडवायचे, "वहिनी, लेकरांना तरी एवढं जपलं का तुम्ही?"

"लेकरं पडली तर उठतात, भावजी. हा उठायचा नाही."

त्या दुपारी पाऊस नव्हता, नुसता कोरडा गडगडाट. मी पिन काढली आणि लगेहात बॅटरीही पुसायला घेतली. बॅटरी खिडकीत, वर्तमानपत्रावर. रिकामा फोन माझ्या मांडीवर. भावजी विहिरीत उतरलेले, मागं इंजिनाची धडधड चालू...

फोन वाजला नाही. थेट बोलला. भावजींचा आवाज — अगदी हळू, धाप लागलेला.

"वहिनी, मला वर घ्या. आईला कळू देऊ नका."

मी विहिरीकडं पळाले. वाकून बघितलं, तर आत धूर कोंडलेला आणि भावजी टप्प्यावर आडवे. माझा ओरडा ऐकून हायवेवरचा एक ट्रक ड्रायव्हर धावत आला.

"बाई, धूर लई हाय आत. माझ्या कमरंला दोर बांधा, अन् चार माणसं बोलवा!"

तोंडाला ओलं फडकं बांधून तो उतरला. आधी इंजिन बंद केलं, मग भावजींना बांधलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ओढलं. वर आले तेव्हा ओठ निळे, पण श्वास चालू होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी विचारलं, "भावजी, हाक कशी मारलीत?"

"कुठली हाक? जीभ हलत न्हवती, वहिनी. नुसतं मनात म्हणत होतो."

"काय म्हणत होता?"

ते जरा ओशाळले. "हेच... की वहिनींनी वर घ्यावं. अन् आईला कळू नये."

मी तोवर फोनबद्दल कुणाला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

पुढं वायरिंगचं काम जाणणाऱ्या दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, बॅटरीशिवाय ते नुसतं प्लॅस्टिक. मलाही ते पटतं... पण आवाज त्यातूनच आला होता.

परवा भावजी नातीला खांद्यावर बसवून आमच्या दारातून वाकून आत आले. ती त्यांचे केस ओढत होती, ते खोटंखोटं विव्हळत होते. मी हातातलं काम थांबवलं आणि तो आवाज ऐकत उभी राहिले.