ढिल्या बेल्टवरची गाणी

नाशिकच्या माणसाला ढोल कळतो. कानठळ्या बसल्या म्हणजे वाजवणारा चांगला, इतका सरळ हिशेब. अशा गावात आम्ही चौघं नव्वद सालच्या आसपास रेगे वाजवायला लागलो आणि पुढे पंधरा-सोळा वर्षं वाजवत राहिलो. कुणी विचारलं, "रेगे म्हणजे काय हो?" तर मी सांगायचो, "आपल्याकडे ठोक्यावर टाळी पडते. त्यांच्याकडे दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते." समोरचा मान हलवायचा आणि विचारायचा, "पण मग नाचायचं कधी?"

त्या मोकळ्या जागेत गिटार वाजवणारा मी. ड्रमचा ठोका पडला की त्याच्या मागून माझं 'च्याक'. पुन्हा ठोका, पुन्हा च्याक. जन्मभर एवढंच केलं. आमची आई म्हणायची, "एवढी चांगली गिटार आणि तिच्यातून नुसती पाल चुकचुकल्यासारखा आवाज काढतो मेला."

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर टर्नर होतो. बेस गिटारवाला आणि आमचा गाणारा, तेही सातपूरलाच, पण वेगवेगळ्या कारखान्यांत. तिघांच्या शिफ्टा तीन दिशांना. एक फर्स्टला, एक सेकंडला, एक नाइट करून डोळे चोळत. सुट्टी मात्र सगळ्या वसाहतीची एकदम, शनिवारी. म्हणून बँडचा वार शनिवार. घरचे सत्यनारायण, बारशी, साखरपुडे, सगळ्यांशी भांडून आम्ही तो वार राखला.

चौथा आमचा ड्रमर. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचो. घरची फुलशेती. इंदिरानगरच्या मागे तेव्हा बिल्डिंगा कमी आणि वावरं जास्त होती, तिथे त्याचा झेंडूचा मळा, मळ्यात विहीर, विहिरीजवळ मोटारीची खोली. सकाळी फुलं बाजाराला घालून आला की दिवसभर मोकळा. गणपतीत तो असा ढोल वाजवायचा की गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा बोलायच्या. त्याला आम्ही पहिल्यांदा रेगे ऐकवलं तर म्हणाला, "यात ढोलवाल्याला काम काय?" दुसऱ्यांदा ऐकलं, गप्प बसला. तिसऱ्यांदा म्हणाला, "अरे, हा माणूस ठोका लपवून राह्यला! ऐकणाऱ्याला शोधायला लावतो." झालं. त्या दिवसापासून तो आमच्याहून जास्त वेडा.

ऐकायला होती एकच कॅसेट. बेसवाल्याचे मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणलेली. वरचा कागद केव्हाच गेलेला. कोण गातंय, कुठला माणूस, काही पत्ता नाही. टेपही एकच, मोटारीच्या खोलीतला दादाचा जुना. त्यावर ती लावायची, झेंडूच्या करंड्या उलट्या घालून त्यांवर बसायचं, ऐकायचं, मग वाजवायचं. गाणी अशी संथ की एक ठोका पडून दुसरा यायच्या आत बिडी शिलगावून व्हावी. कॅसेटमधल्या माणसाचा आवाजही जड, खोल विहिरीतून आल्यासारखा. त्याला जुळावं म्हणून आम्ही गिटारींचे सूर उतरवून घेतले. दादाने तो संथपणा अंगात मुरवला. आम्ही जरा घाई केली की स्टिक उगारून ओरडायचा, "पळू नका रे! कुठली गाडी चुकून राह्यलीय?"

आता लोकांना हे नको होतं, हे वेगळं सांगायला नको. लग्नाकार्यात आम्ही हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचो आणि मध्येच एखादं आपलं सरकवायचो. वरातीत सरकवलं की नाचणारे हात वर धरून थांबायचे आणि लाइट गेले की काय म्हणून इकडेतिकडे बघायचे. लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आमचं दुसरं कडवं चालू आणि मुलीचा काका थेट स्टेजवर चढला. "ओ मास्तर, हे काय लावलंय? माणसं झोपून राह्यली ना! आमच्याकडं कांद्याचा लिलाव याच्यापेक्षा जोरात चालतो!" सगळा मांडव हसला. मी गिटार काढून ठेवायच्या बेतात होतो, माझं डोकं लवकर फिरतं. दादाने मात्र त्याला गोडीत सांगितलं, "काका, तुम्ही जेवायला बसा. याच्यावर जेवण लय चांगलं जातं."

आणि खरंच, पंगतीला आमचं रेगे खपायला लागलं. घास आणि ठोका जुळायचा. आमची सगळी कारकीर्द ती एवढीच, वरातीला सिनेमा आणि पंगतीला रेगे. लोकांनी आम्हाला जिलेबीच्या जोडीने खाल्लं.

दादाला ते सलायचं. "एकदा," तो म्हणायचा, "एकदा तरी माणसं आपली गाणी ऐकायला म्हणून आली पाहिजेत. समोर नवरदेव नको, मागं जेवणाची गडबड नको. एवढं झालं की मी खुशाल परत ढोल घेईन." दर लग्नानंतर ड्रम टेम्पोत चढवताना हे ऐकायचं. आम्ही 'होईल, होईल' म्हणायचो.

पुढे सीड्या आल्या. गाणाऱ्याने मुंबईहून एक आणली आणि तिच्यात निघाली आमचीच गाणी. दादाच्या पडवीत लावली, आणि आम्ही आ वासून बसलो. तोच माणूस, तीच गाणी, पण आवाज कोवळा आणि चाल तुरुतुरु. मग बेसवाला उठला, मोटारीच्या खोलीतला तो जुना टेप घेऊन आला आणि पेचकसाने उघडला. आतला रबरी बेल्ट ढिला होऊन लोंबत होता. त्यामुळे टेप सावकाश फिरायचा आणि गाणी सावकाश यायची. इतकी वर्षं आम्ही टेपचं दुखणं रेगे म्हणून शिकलो होतो! मी कपाळावर हात मारून घेतला. गाणारा म्हणाला, "आता सगळं नव्यानं बसवावं लागणार." दादा पोट धरधरून हसत होता. डोळे पुसत म्हणाला, "ती त्यांची स्पीड, ही आपली. आता बदलायचं नाय."

आणि नाही बदललं. उलट त्या ढिलेपणाचा आम्हाला माज चढला. जगात आमच्याइतकं संथ कुणी वाजवत नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगायला लागलो.

म्हणून तर कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या बँडचा ड्रमर मागे पडायला लागला असता, तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. आमचा मागे पडायला लागला आणि आम्ही माना डोलावल्या. "वा दादा, काय वजन आलंय ठोक्याला!" हे मीच म्हणालो होतो. पहिल्यांदा बोलली ती वहिनी, दादाची बायको. चहा देता देता मला म्हणाली, "भाऊजी, यांना हल्ली शर्टाची बटणं लावायलासुद्धा किती वेळ लागतो. हार ओवायला बसलो तर माझी टोपली संपते, तरी यांचा पहिलाच हार चालू असतो."

"वय झालं वहिनी," मी म्हणालो. डोंबलाचं वय! पन्नाशीसुद्धा नव्हती गाठली. चालताना त्याचा उजवा हात हलायचा नाही, अंगाला चिकटवल्यासारखा राहायचा. हात थरथरला असता तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. पण थरथर नव्हतीच. होता नुसता संथपणा, आणि संथपणाचं तर आम्हाला मेलं केवढं कौतुक.

त्याच सुमारास गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी निघायला लागल्या होत्या. अशाच एका वाइनरीचा मॅनेजर एका रिसेप्शनला जेवत होता. जेवण झाल्यावर हात पुसत स्टेजपाशी आला आणि म्हणाला, "तुम्ही रेगे वाजवता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस! द्राक्षतोडणीच्या दिवसांत त्यांच्याकडे कार्यक्रम असतो, मुंबई-पुण्याची माणसं येतात, हिरवळीवर बसून ऐकतात. रविवारी दुपारी या. "फक्त तुमची गाणी. सिनेमाचं एकही नको." दादाने त्याचा हात धरला तो सोडेचना.

रविवार म्हणजे सातपूरचा कामाचा वार. तिघांनी रजा टाकल्या. मी सुपरवायझरला मावशी वारल्याचं सांगितलं. मावशी अजून ठणठणीत आहे.

तालमीला मात्र आमचे धाबे दणाणले. गाणं ज्या चालीत सुरू व्हायचं त्या चालीत संपेना. दर कडव्याला ते खाली बसत जायचं. बाहेर विहिरीपाशी गाणारा हळूच म्हणाला, "एका दिवसापुरता दुसरा ड्रमर घेऊ."

"लाज नाही वाटत?" मी ओरडलो.

"मग तू सांग काय करायचं!"

बेसवाला विहिरीत बघत उभा होता. दुसरा ड्रमर घ्या, ठोका देणारं मशीन लावा, कार्यक्रमच रद्द करा, पण दादाला सांगणार कोण? शेवटी तिघं मिळून वहिनीकडे गेलो. "वहिनी, तुम्ही सांगा त्याला."

वहिनीने सुईदोरा खाली ठेवला. "मी सांगू? यांनी नवा शर्ट शिवायला टाकलाय. पोरीच्या लग्नात शिवला नव्हता, तो आता शिवून राह्यले. तुम्हीच सांगा. तुम्ही दोस्त ना?" आम्ही परत आलो. कुणीच सांगितलं नाही.

रविवारी तो नवा शर्ट घालून ड्रमवर बसला. समोर हिरवळीवर माणसं सतरंज्या टाकून बसलेली, मागे द्राक्षाचे वेल. पहिलं गाणं झकास गेलं. पुढच्या सतरंजीवरची एक पोरगी टाळी देत होती आणि ती टाळी बरोबर मोकळ्या जागेत पडत होती, माझ्या च्याकवर! आयुष्यात पहिल्यांदा कुणाची टाळी माझ्या जागेवर पडली. मी वळून दादाला खुणावलं. त्यानेही बघितलं होतं. इतका खूश तो मला त्याच्या पोरीच्या लग्नातही दिसला नव्हता.

दुसऱ्या गाण्यात ठोका मागे पडायला लागला. मी जोर लावून पुढे ओढायला लागलो, बेसवाला माझ्याबरोबर आला. वाटलं, आपण ओढलं तर तो येईल. जोडीतला एक बैल अडला तर दुसरा नेतोच की गाडी. पण दादा आला नाही. माझं च्याक त्याच्या ठोक्यावर आदळायला लागलं. त्या पोरीची टाळी चुकली, तिने हात खाली घेतले. दादाने कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला ते कळलं.

मग मी ओढायचं सोडलं आणि त्याच्या मागे गेलो. तिघंही गेलो. गाणं संथ होत होत असं झालं, की दोन ठोक्यांच्या मध्ये लोकांनी आपापसात बोलून घ्यावं. कुणीतरी हसलं. बरेच उठले, ग्लास भरून घ्यायला गेले ते परत बसलेच नाहीत. तिसरं गाणं अर्ध्यावर असताना मॅनेजरने थांबा म्हणून खालूनच हात जोडले. वाईट नव्हता तो माणूस. त्याच्याही हातात काही नव्हतं.

परतताना टेम्पोत दादा ड्रमला टेकून बसला होता. गंगापूर गाव मागे गेल्यावर बोलला. "आज तुम्ही पळत होता."

मी घसरणारी गिटार मांडीवर ओढून घेतली.

"पहिल्यांदा ऐकणारी माणसं मिळाली आणि नेमके आजच तुम्ही पळाले. मी एकट्यानं किती धरून ठेवायचं?"

त्याला खरोखर तसंच वाटत होतं. त्याच्या मते त्याचा ठोका जागेवर होता आणि आम्ही सगळे, ती पोरगी, ती माणसं, सगळे पळत सुटलो होतो. गाणाऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले. मी म्हणालो, "चुकलं दादा."

मग वहिनीने त्याला डॉक्टरकडे नेलं, बरोबर मी होतो. डॉक्टर म्हणाले, कंपवात. "पण माझा हात कुठं कापतोय?" दादाने विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांचा कापत नाही, काहींची नुसती हालचाल मंदावत जाते. पायऱ्या उतरताना दादा मला म्हणाला, "म्हणजे बेल्ट ढिला झाला म्हण ना. बेसवाल्याला सांग, बाजारात दुसरा मिळतो का बघ." आणि हसला. मला हसताही येईना. गोळ्यांनी काही महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आम्ही तिघं जन्मभर मशीनवर काम केलेली माणसं, पण इथे कुठलाही पाना चालत नव्हता.

लग्नं घेणं आम्ही बंद केलं. शनिवार मात्र सोडला नाही. दादाला ड्रमवर बसता येत नाही, म्हणून पडवीत त्याच्या खुर्चीपुढे फुलांचं प्लास्टिकचं क्रेट उलटं ठेवतो. त्यावर तो एका बोटाने ठोका देतो आणि आम्ही वाजवतो. वहिनी बाजूला हार ओवत बसते. बोलणं त्याचं आता फारसं कळत नाही, पण 'पळू नका' एवढं कळतं.

परवाच्या शनिवारी बोट क्रेटवर टेकलं आणि तिथंच राहिलं. बेसवाला थांबला, गाणारा थांबला, वहिनीची सुई हातातच राहिली. दादा माझ्याकडे बघत होता. बोट उचलायचंय हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मला ते उचलून देता येत नव्हतं. माझा हात तारांवर तयार होता. पण माझं च्याक त्याच्या ठोक्याच्या मागून येतं. तो पडल्याशिवाय मला काहीच वाजवता येत नाही.