डावीकडचा आवाज

चादरीची दोन टोकं काकूंच्या हातात होती आणि दोन मास्तरांच्या. एक घडी पडली होती, दुसरी पडायची होती. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि मास्तरांनी आपली टोकं खुशाल जमिनीवर सोडून दिली.

"अहो, आत्ता धुतलीय ती!"

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? मोठ्यानं बोलावं माणसानं," म्हणत मास्तर दाराकडे गेले.

हे वाक्य काकूंना पाठ झालं होतं. अलीकडे घरात काहीही बिनसलं की ते त्यांच्या पुटपुटण्यावर येऊन थांबायचं. दूध उतू गेलं, तर हिनं नीट सांगितलं नाही. लेकाचा फोन येऊन गेला, तर हिनं नीट हाक मारली नाही. सुनेसमोर, व्याह्यांसमोर मास्तर हसत हसत म्हणायचे, "हिनं मूग गिळलेत, ते अजून पचायचेत." सगळे हसायचे. काकूही हसायच्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायच्या.

प्रार्थनेच्या मंडळात काकू वाचायला बसल्या की अगदी शेवटच्या रांगेतल्या बायकांनासुद्धा माइकशिवाय शब्द न् शब्द ऐकू जायचा. घरात मात्र त्या पुटपुट्या. रोज हात जोडताना त्या देवाकडे एवढंच मागायच्या, बाबा रे, एकदा तरी यांना कळू दे, खोट माझ्या तोंडात नाही.

दारात कुरियरवाला होता. लेकानं पाठवलेली डबी आली होती.

मास्तरांची सगळी उमर नाट्यगृहाच्या आवाजाच्या टेबलामागे गेली होती. कान असावा तर मास्तरांसारखा, असं लोक म्हणायचे. मग एका कार्यक्रमात डावीकडच्या खुर्च्यांवरची माणसं कानांवर हात ठेवून उठून गेली. मॅनेजर धावत आला, "मास्तर, डावी बाजू कमी करा हो!" मास्तरांनी त्यालाच झापलं, "कानात बोळे घालून फिरता आणि मला शिकवता?" त्यानंतर नाट्यगृहातून बोलावणं आलं नाही. मास्तर रोज फोन चार्जिंगला लावत आणि रोज वाट बघत.

त्यातच लेकानं नवा टीव्ही आणला आणि मास्तरांचा जुना होम थिएटर मुका झाला. नव्या टीव्हीला मागे लाल-पांढऱ्या पिनांची भोकंच नव्हती. होतं ते एक चौकोनी भोक, आत तांबडा उजेड. लेक म्हणाला, "बाबा, भंगारात द्या तो डबा." मास्तर जेवले नाहीत त्या दिवशी. शेवटी लेकानंच ही डबी मागवली. एका बाजूनं टीव्हीतून उजेडावाटे येणारा आवाज आत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं लाल-पांढऱ्या तारांमधून आवाज बाहेर सोडायचा, एवढंच तिचं काम.

"ये, बस इथे," मास्तरांनी काकूंना हुकूम सोडला. "दुसरा कान लागतो अशा वेळी."

"चादर राहिलीय."

"काय?"

"काही नाही."

मास्तरांनी बारीक तारेच्या टोकाचं प्लास्टिकचं टोपण काढलं आणि ती टीव्हीत खोचली. दुसरं टोक डबीत, लाल-पांढऱ्या पिना होम थिएटरमध्ये. आवाज नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून त्यांनी आवाजाच्या पुढे 'पीसीएम' हा साधा पर्याय निवडला, आणि खोलीत एकदम बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज घुमला. मास्तरांचा चेहरा असा फुलला की काकूंना चादरीचा विसर पडला.

पण तो फुललेला चेहरा लगेच कोमेजला.

"डावा स्पीकर वाजत नाहीये."

"वाजतोय की!"

"बाई मधोमध बसलीय, आवाज उजवीकडून येतोय. डबीच भिकार. स्वस्तातली पाठवलीय तुझ्या लाडक्यानं."

त्यांनी लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. दोष शोधायचा तर बाजू बदलायची, दोष सरकला की तो सापडला, हा त्यांचा नियम. डबीत खोट असती तर ती आता उजवीकडे यायला हवी होती. आली नाही. त्यांनी स्पीकरच्या तारा बदलल्या. तरी डावाच मुका. मग धापा टाकत त्यांनी दोन्ही स्पीकर उचलून इकडचा तिकडे केला.

"आता?" काकूंनी विचारलं.

"डावाच." मास्तर घामाघूम झाले होते. "डावीकडच्या खिडकीतून आवाज बाहेर जातोय. खोलीच फालतू." आणि त्यांनी बटण फिरवून डाव्या बाजूचा आवाज वाढवला. इतका, की काकूंनी झटकन कानावर हात ठेवला.

तो हात कानावर असतानाच त्यांना नाट्यगृहातली ती माणसं आठवली. आणि जेवताना, झोपताना, रस्त्यानं चालताना आपण यांच्या कुठल्या बाजूला असतो, तेही.

गप्प बसता आलं असतं. त्या बसल्या नाहीत.

"अहो, बटण होतं तिथे आणा. आणि टीव्हीकडे पाठ करून बसा."

"कशाला?"

"बसा तर. बाजू बदलायची राहिलीय एक."

मास्तर कुरकुरत उलटे बसले. बातम्या चालू होत्या. खिडकी आता त्यांच्या उजव्या हाताला होती. ते ऐकत राहिले. खिडकीकडचा आवाज आता स्वच्छ येत होता, मुकी होती ती दुसरी बाजू. मग त्यांनी उजव्या कानावर तळवा दाबला. काढला. पुन्हा दाबला. दोष सरकला होता. त्यांच्याबरोबर फिरला होता.

काकूंनी टीव्ही बंद केला.

"नाट्यगृहात... लोक उठून गेले ते..."

"हं," काकू म्हणाल्या.

"काय पुटपु..." मास्तर तिथेच थांबले.

इतके दिवस काकू याच घडीची वाट बघत होत्या. आता चार गोष्टी सुनवायच्या, असं किती वेळा मनात घोळवलं होतं. त्यातली एकही ओठांवर येईना. मागितलेलं देवानं पदरात टाकलं होतं, आणि तोंड कडूजहर झालं होतं.

मास्तर उठले. तारा काढून एकेकीचं वेटोळं करू लागले. पाठमोरेच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस हं. तुझ्या लाडक्याचा फोन आला तर सांग, डबी खराब निघाली."

काकूंना वाटलं होतं, "चुकलो" म्हणतील. निदान वळून बघतील. बायकोच्या तोंडाला चारचौघांत नावं ठेवायला यांना कधी लाज वाटली नाही. यांच्या कानाची मात्र घराबाहेर वाच्यता नको. त्यासाठी एक निर्जीव डबी बदनाम झाली तरी चालेल, आणि बायकोला खोटं बोलावं लागलं तरी.

फोन वाजलाच. लेक विचारत होता, "आई, लागली का गं डबी?"

मास्तर वळले. हातातलं वेटोळं तसंच राहिलं.

"लागली. डबी चांगली आहे," काकू मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "तुझी डबी उत्तम आहे." आणि पुढे काही न बोलता त्यांनी फोन ठेवला.

जमिनीवरची चादर त्यांनी झटकली, दोन टोकं हनुवटीखाली धरून एकटीनंच घडी घातली. वेडीवाकडीच पडली. मग पिशवी घेतली, चपला सरकवल्या आणि मास्तरांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"दार लावून घ्या. कानाच्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावून येते."