पुराव्याचं धान

दर रविवारी सकाळी बेसाच्या फ्लॅटवरून मैदानाकडे निघताना मी स्वतःला बजावते, की आज क्लबच्या माजी अध्यक्षांचा विषय निघाला की तडक उठायचं आणि प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसायचं. आणि दर रविवारी पोह्यांवर तर्री पडायच्या आत तो विषय निघतो, अन् मी बसूनच राहते.

आमचा फुटबॉल क्लब जुन्या विणकरांच्या वस्तीतला. हातमाग कधीच गेले. मागांच्या जागी कुठे झेरॉक्सचं दुकान आलं, कुठे शिकवणी वर्ग. माणसं एसटीत, शाळेत, बँकेत लागली, माझ्यासारखी विम्याच्या ऑफिसात फायली सरकवत बसली. क्लब तेवढा राहिला. मैदानाच्या फाटकाला लागून पोह्याची टपरी आहे आणि क्लबचं खरं कामकाज तिथल्या बाकावर चालतं. बाकावरची दोन माणसं ठरलेली. एक कंडक्टरकाका, एसटीतून निवृत्त झालेले आणि सध्या क्लबचे सचिव. मागच्या सीटवरच्या प्रवाशाला ऐकू जाईल अशा आवाजातच बोलायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. दुसरे मास्तर, शाळेत खेळ शिकवायचे, अजूनही गळ्यात शिटी घालून हिंडतात. दोघं एका वर्गातले. आणि ज्यांच्यावरून ते इतकी वर्षं भांडत आले, ते माजी अध्यक्षही त्याच वर्गातले.

भांडणाचं मूळ मातीत आहे. मी लहान होते तेव्हा आमचं मैदान मुरमाचं होतं. पडलं की सालटं निघायचं. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर त्याच्या खुणा आहेत. अध्यक्ष निवडून आले आणि त्यांनी मनावर घेतलं, की आपल्या मैदानावर गवत असलं पाहिजे. त्यांच्या सासुरवाडीची कुही गावाकडे धानाची शेती. ज्या मातीत धान एवढं तरारून येतं तिच्यात गवत काहून येणार नाही, असा त्यांचा हिशेब. कोणालाही न विचारता त्यांनी उन्हाळ्यात धानाच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, माती ट्रकांनी आणून मैदानभर पसरली. उन्हाळ्यात ती छान दिसली. पावसाळा लागला आणि मैदानाची बांधी झाली. चेंडू पडला तिथेच रुतून बसायचा. वर मातीतून आलेलं धान उगवलं, गवताच्या आधी. बाहेरचे संघ यायचे आणि विचारायचे, रोवणी झाली का. त्याच मोसमात आमच्या घरच्या मैदानावर अंतिम सामना होता. आमचा सेंटर फॉरवर्ड गोलकीपरला चुकवून मोकळ्या गोलासमोर पोहोचला आणि धानाच्या बुंध्यात पाय अडकून तोंडावर पडला. सामना गेला. सभा झाली, लोक वाट्टेल ते बोलले. अध्यक्षांनी क्लबच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. त्यानंतर ते मैदानावर आलेच नाहीत.

पुढे कोणी कोणी कन्हान नदीची रेती आणून टाकली, कडेने नाल्या खोदल्या, माती हळूहळू बसली. आज आमच्या भागात गवत असलेलं मैदान एवढं एकच. मुली खेळतात, पडतात, हात झटकून उठतात. गुडघे शाबूत. आता हे कोणामुळे झालं, हा तो वाद.

"गवत त्यानं आनलं," मास्तर म्हणतात.

"गवत रेतीनं आलं," कंडक्टरकाका म्हणतात. "त्यानं धान आनलं."

मग ते कोपऱ्याकडे बोट दाखवतात. मैदानाच्या एका कॉर्नरला पाण्याचा नळ आहे, तो गळतो, आणि तिथे इतकी वर्षं झाली तरी धानाचं एक बेट दर पावसाळ्यात उगवतं. कितीदा तरी पोरं ते उपटायला गेली, पण कंडक्टरकाका कोणाला हात लावू देत नाहीत. कॉर्नर किक घेणाऱ्याने त्याला वळसा घालायचा.

"राहू द्या थे," ते ओरडतात. "पुरावा हाये थो!"

"पुरावा काय्चा बे? तू सोताच पेरते दर साली," असं मास्तर म्हणाले की चहा गार होईपर्यंत कोणी कोणाचं ऐकत नाही. मी आजवर शिकलेले सगळे संयमाचे धडे या बाकावर संपलेले आहेत.

बरं, एवढ्यावर सुटका असती तर चाललं असतं. पण माझं नशीब असं, की बेसाला मी फ्लॅट घेतला त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, अध्यक्ष राहतात. रविवारी दुपारी मी गाडी लावायला आले की ते पार्किंगमध्ये आपल्या जुन्या स्कूटरला फडकं मारत उभे असतात. ती स्कूटर सुरू होत नाही. कधीच होणार नाही. पण रविवारी तिला फडकं मारावं लागतं.

"आली का वं? काय म्हनून राहिले लोकं?"

"तुमचंच म्हनून राहिले, काका."

"मातीचं?"

"मातीचंच."

"माती बराबर होती. नाल्या पह्यले काढाले पाह्यजे होत्या. मी म्हनलो होतो, पन ऐकलं कोनी?"

तिकडे ते दोघं, इकडे हे. मी मधल्या पोस्टमनसारखी. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "काका, तुमीच या न ग्राउंडवर. जे सांगाचं थे त्याईले सांगा. मले कायले सांगता?"

"आवतन नाई वं."

"ग्राउंड हाये थे काका. लग्नाचा मांडव नोहे."

त्यांनी फडक्याची घडी घातली. "किल्ली ठेवून निंघालो तवा मांगून कोनी हाक नाई मारली. आता आपल्या मनानं कसा जाऊ?"

आता हे आवतनाचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या क्लबचा मोसम दसऱ्यानंतरच्या रविवारी सुरू होतो. पहिल्या सामन्याला मैदानाच्या मध्यावर चेंडू ठेवायचा मान माजी अध्यक्षाचा. त्यासाठी आदल्या दिवशी सचिवाने घरी जायचं, हातावर पिवळ्या अक्षता ठेवायच्या आणि या म्हणायचं. जसं लग्नाचं, तसंच. फोन चालत नाही, निरोप चालत नाही. हातावर अक्षता पडल्या तरच आवतन झालं. इतकी वर्षं हा मान दुसऱ्या एका वयोवृद्ध माजी अध्यक्षांकडे होता. ते या उन्हाळ्यात गेले. आता उरले हे एकटेच. आणि यांचा मुलगा दिवाळीनंतर त्यांना कायमचं बंगलोरला घेऊन जाणार, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

"एक डाव बॉल ठेवला असता न," ते स्कूटरकडे पाहत म्हणाले, "मंग कुठीबी नेलं असतं तरी चाललं असतं."

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. वाईट जास्त वाटलं, म्हणून रागही जास्त आला.

पुढच्या रविवारी मी बाकावर विषय काढला. वाटलं होतं, सरळ काम आहे. कंडक्टरकाका म्हणाले, "बोलावतो न. मी कवा नाई म्हनलो? पन पह्यले त्यानं म्हनावं, माती चुकली."

"अन् तू पह्यले म्हन, गवत त्याच्यानं आलं," मास्तर म्हणाले.

"कायले म्हनू? जर्सी कोनं बदलली? हिरवी केली त्यानं, हिरवी! गवतावर आपलेच पोट्टे दिसत नव्हते."

"गवत नव्हतंच तवा, तूच म्हनते. धान होतं!"

"धानात तरी कुठी दिसत होते?"

मी हातातली प्लेट बाकावर आपटली. तर्री मास्तरांच्या पायजम्यावर उडाली. "तुमचं दोघाईचं ठरेपर्यंत थे बंगलोरले जातीन, नाई तं वर जातीन. मंग कोनाच्या हातावर ठेवसान अक्षता?"

बाई ओरडली म्हणून की काय, कंडक्टरकाकांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"शनिवारी जाऊ," ते म्हणाले. "पन मातीवर मी बोलीन. आत्ताच सांगून ठेवतो."

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, दोघं बेसाला आले. कंडक्टरकाकांच्या शर्टच्या खिशात कागदाची पुडी होती. मला त्यांनी ती दाखवलीसुद्धा, हळद लावलेल्या अक्षता. मी त्यांना वर घेऊन गेले. अध्यक्षांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, टेबलावर चिवडा मांडून ठेवला होता. त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी तरी नाही.

तिघं बसले. मग अध्यक्षांनी विचारलं, "ग्राउंड कसं हाये?"

"धान जोरात हाये," कंडक्टरकाका म्हणाले.

झालं. माती चुकली की नाल्या चुकल्या, यावर एका श्वासात सुरू झालं. अध्यक्षांनी चिवड्याचा ट्रे ओढला, त्याचं मैदान केलं, बोटाने नाल्या काढून दाखवल्या. मास्तरांनी शेंगदाणे मांडून अंतिम सामन्यातली ती चाल दाखवली. कंडक्टरकाकांनी सेंटर फॉरवर्डचा शेंगदाणा उचलून खाऊन टाकला आणि म्हणाले, "हा असा गेला थो, तुह्या धानानं!" अध्यक्ष उठून उभे राहिले, ओरडले. कंडक्टरकाकाही उठले. खालचा वॉचमन वर येऊन विचारून गेला, काही भानगड आहे का. आणि या सगळ्यात मी पाहिलं, की अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झालेला आणि ते हसत होते. पार्किंगमधला तो माणूस हा नव्हताच.

दोघं जिना उतरतानाही भांडत होते. फाटकातून गाडी बाहेर काढेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. मी समाधानाने घरात आले. म्हटलं, सुटलं एकदाचं.

रविवारी मी मैदानावर पोहोचले तेव्हा दोन्ही संघ उतरायच्या तयारीत होते. चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. मी मास्तरांना विचारलं, "अध्यक्ष कवा येऊन राहिले?"

"येतीन न. अक्षता देल्या त्यानं."

"मी कुठी देल्या?" कंडक्टरकाका म्हणाले. "तूच देल्या न?"

"पुडी तुह्या खिशात होती बे!"

कंडक्टरकाकांनी खिशावर हात मारला. पण हा आजचा शर्ट होता. कालचा शर्ट, पुडीसकट, सकाळीच धुवायला टाकलेला. इतक्या वर्षांनी एका माणसाच्या घरी आवतन द्यायला जायचं, तास दोन तास भांडायचं, चिवडा संपवायचा आणि आवतन तेवढं परत घेऊन यायचं! माझ्या घशाशी शिवी आली होती. ती मी गिळली, कारण तेवढ्यात माझी नजर फाटकाकडे गेली.

अध्यक्ष फाटकाच्या बाहेर उभे होते. तोच पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. मागे ऑटो वळून चालला होता. फाटक सताड उघडं होतं आणि ते बरोबर उंबऱ्याच्या बाहेर, टपरीच्या बाजूला.

मी धावत गेले. "काका, या न. तिथी काहून उभे?"

"मी चहा प्याले आलो," ते म्हणाले. हातात चहा नव्हता. टपरीकडे त्यांची पाठ होती, आणि ते माझ्या खांद्यावरून मैदानाकडे पाहत होते.

"काका, विसरले थे. दोघंही येडे हायेत, तुमाले मालूम हाये न? सगळे तुमची वाट पाहून राहिले."

"नाई वं. राहू दे. येथून दिसते."

मी मागे वळले, त्या दोघांना फरपटत आणायचं म्हणून. मास्तर शिटी हातात धरून उभे होते. कंडक्टरकाका मात्र भलत्याच दिशेला चालले होते. मोठमोठ्याने बडबडत, मैदान आडवं कापत, चुन्याच्या रेघा तुडवत, रेफरी ओरडत असताना. "जिंदगीभर डोक्याले तापच हाये ह्याचा. बोलवा तरी ताप, नका बोलवू तरी ताप." ते कॉर्नरला नळाजवळ गेले, वाकले, आणि इतकी वर्षं कोणाला हात लावू न दिलेल्या त्या धानाच्या लोंब्या त्यांनी मूठ भरून ओरबाडल्या. तळहातांवर चोळल्या. फुंकर मारून भुसा उडवला. आणि तसेच बडबडत फाटकापर्यंत आले.

"हात पुढं कर," ते अध्यक्षांना म्हणाले.

अध्यक्षांनी हात पुढे केला. त्यावर धानाचे दाणे पडले.

"हळद कुठी हाये?" मास्तरांनी मागून विचारलं. त्यांना तेव्हाही राहवलं नाही.

"पिवळेच हायेत न! दिसत नाई का तुले?" कंडक्टरकाका त्यांच्यावर खेकसले. मग अध्यक्षांकडे वळून, तसंच खेकसत म्हणाले, "आवतन हाये तुले. चाल."

अध्यक्षांनी मूठ मिटली आणि ते आत आले. गवतावर पाय पडला तेव्हा ते थोडे थांबले, बुटाच्या टोकाने जमीन दाबून पाहिली, आणि मध्याकडे चालायला लागले. रेफरीने त्यांच्यापुढे चेंडू धरला. चेंडू घ्यायला दोन हात लागतात. पण त्यांनी उजवी मूठ उघडली नाही. डाव्या हाताने चेंडू छातीशी धरला, हळूहळू वाकले, आणि तो मध्यबिंदूवर ठेवायला गेले. चेंडू घरंगळला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा घरंगळला. दोन्ही संघांतल्या मुली हात मागे बांधून उभ्या राहिल्या, कोणीही घाई केली नाही.

कंडक्टरकाका माझ्या शेजारी उभे होते. दुपट्टा त्यांनी तोंडावर घट्ट धरला होता आणि त्यातूनच ते बोलत होते.

"पाह्य त्याले," ते म्हणाले. "एका हातानं ठेवून राहिला बॉल. येक काम, येक काम जिंदगीत सीधं नाई केलं ह्यानं."