जावयांनी आधी वाचलेला शेवटचा भाग

दुष्काळात सहकारी दूध संघाने आष्टीजवळ चारा छावणी उघडली होती. तिथे जनावरांपाशी बसून लेकीने आणि मी जादूगाराच्या कादंबरीमालेचे तोवरचे सगळे भाग एकमेकांना वाचून दाखवले. शेवटचा भाग मात्र तिच्या लग्नानंतर निघाला आणि तिने तो जावयांसोबत वाचला.

"बाबा, लई भिकार शेवट हाय. आमी दोघं नुसते हसत बसलो," ती फोनवर म्हणाली.

त्या हसण्याचा मला मत्सर वाटला. मी पुस्तक मागवून वाचले. जादूगाराचे सारे पराक्रम अखेर स्वप्न निघाले होते. तरीही मी तिला फोनवर म्हणालो, "मला तर आवडला."

ती तावातावाने भांडू लागली. मागून जावई जेवायला बोलावत होते.

"तुमी घ्या जेवून," तिने त्यांना सांगितले.

मला लाज वाटली, तरी मी शेवटाच्या बाजूने आणखी एक मुद्दा काढला.