हिप्परग्याच्या काठावरचा समुद्र

सोलापूरपासून समुद्र किती लांब, हे भवानी पेठेत कुणी विचारलं तर शमशाद झोपेतही सांगेल. आधी कोल्हापूर, मग गगनबावड्याचा घाट, मग देवगड. तिचा नवरा सलमान टेम्पो घेऊन आंबे आणायला दोनदा गेलेला, त्याच्याकडून तिनं वळणंसुद्धा पाठ केलेली. ती स्वतः मात्र पंढरपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. तिच्या आठ बाय दहाच्या फोटोच्या दुकानात मागच्या भिंतीला समुद्राचा पडदा होता. लाटा, नारळाची झाडं आणि मधोमध घडीची आडवी रेघ. निम्मी पेठ त्या रेघेसमोर हसून गेलेली.

कॅमेरा तिला कुणी शिकवला नाही. ना क्लास, ना उस्ताद. बारा वर्षांपूर्वी नणंदेच्या मंगनीत बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला कुणी येऊ देईना, नवरी तर नटून बसलेली. शमशादनं दिराच्या हातातला मोबाईल ओढून घेतला आणि ती पलंगावर उभी राहिली. तिथून जी सुरू झाली ती आजतागायत खाली उतरलेली नाही. आता तिच्याकडं पद्मशाली विणकरांची लग्नं येतात, लिंगायतांचे साखरपुडे येतात, आणि मंगनीला तर तिच्याशिवाय पान हलत नाही. बाई काय फोटो काढणार, म्हणणारे अजून आहेत. शमशाद त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांच्या बायकांचे फोटो झकास काढते आणि त्यांना कडेला अर्धे कापते.

अशा शमशादकडं माघात सोनाली आली. मंगळवेढ्याकडच्या धनगराची पोर, सोलापुरात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. तिचा ठरलेला नवरा धनाजी, सांगोल्याचा. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनी इथं अभ्यास करून डोळे फोडायचे आणि मास्तरकी मिळायची ती कोकणात, हे आता रोजचंच झालंय. धनाजी सहा वर्षं देवगडजवळच्या एका कोळीवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होता. तिथल्या लोकांनी त्याला बजावलेलं, गुरुजी, लग्न करायचं तर आमच्या किनाऱ्यावर, मांडव आमचा, होड्या आमच्या. लोक म्हणतात समुद्रावरचं लग्न हे पैसेवाल्यांचं खूळ. धनगराच्या पोराला कोळ्यांनी मांडव दिला, त्याला काय म्हणणार?

सोनालीनं शमशादला सांगितलं, साखरपुड्याचे फोटो तू काढ, समुद्रावरच्या लग्नाची बातमी सगळ्यांना कळवायचा फोटो तू काढ, आणि बारा मेला देवगडला पण तूच चल. शमशादनं चेहरा असा ठेवला की जणू महिन्याला दोनदा ती समुद्रावर जाते. सोनाली दुकानाबाहेर पडल्यावर तिनं शटर अर्धं ओढलं आणि त्या पडद्यासमोर एकटीच दोन गिरक्या घेतल्या. समोरच्या चहावाल्यानं पाहिलं. पाहू दे.

एकच अट होती, ती सोनालीच्या आईची. चिमाबाईनं दुकानात येऊन, स्टुलावर बसून, पाणी पिऊन मग सांगितलं, "पहिली सुपारी बिरुदेवाला. दुसरी माज्या भावाला. त्येच्यानंतर तुमचा मोबाईल." देवाची सुपारी झाली होती. भाऊ मायाप्पा तेवढा राहिला होता, कारण तो मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होता. बार्शीच्या अंगाला हाय, एवढंच शेवटचं कळलेलं. रविवारी त्याला शोधून, कुंकू लावून, मानाचं आवतण द्यायचं ठरलं. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. शमशादनं असे शेकडो मामा फोटोत धरले होते. मामाचा मान काय असतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता समुद्रावरच्या लग्नाची बातमी द्यायची तर फोटोत पाणी पाहिजे. सोलापुरात मोठं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव. बुधवारी सकाळी तिघं तिथं पोचली. धनाजी रात्रीच्या एसटीनं आला होता आणि येताना पिशवीभर देवगडची वाळू घेऊन आला होता. कंडक्टरनं पिशवीत हात घालून पाहिला, म्हणाला, गुरुजी, सोलापुरात माती संपली का? ती वाळू शमशादनं तलावाच्या चिखलावर पसरली, त्यावर दोघांना अनवाणी उभं केलं, हातात पाटी दिली, पाटीवर खडूनं बारा मे. धनाजी वर्गात पाटी धरल्यासारखी धरायचा. ती ओरडायची, गुरुजी, शाळा सुटली, आता सोनालीकडं बघा. सोनाली हसून हसून वाळूवरून घसरत होती. पलीकडच्या काठाला दूर काही काळे ठिपके होते. शमशादनं डोळा बारीक केला, दगड असतील म्हणाली आणि बटण दाबलं.

दोन दिवस तिनं तो फोटो घासूनपुसून काढला. वेड्या बाभळी पुसल्या, विजेचा खांब पुसला, पाणी निळं केलं. काळे ठिपके मात्र मुद्दाम ठेवले. कोकणातल्या किनाऱ्याला काळे खडक असतात, सलमाननं सांगितलं होतं. वर लिहिलं: सोनाली आणि धनाजी, समुद्राच्या साक्षीनं. फोटो असा झाला की तिला स्वतःलाच खारा वास यायला लागला.

शुक्रवारी दुपारी तिनं तो स्टेटसला टाकला.

रविवार अजून दोन दिवस लांब होता. तिला अट माहीत होती, चिमाबाईचा आवाज कानात होता, तरी अंगठा गेला. बारा वर्षं दुसऱ्यांच्या आनंदात कॅमेऱ्यामागं उभं राहिलेल्या बाईला एकदा वाटलं की बघा, हे मी केलंय. तासाभरात तो फोटो चौदा ग्रुपवर फिरला, त्यातला एक धनगर समाजाचा. आणि मेंढपाळाकडं मोबाईल नसतो असं ज्याला वाटतं त्यानं एकदा रानात जाऊन यावं; रेंज मिळाली की सगळं पोचतं.

संध्याकाळी चिमाबाईचा फोन आला. भावाचा फोन येऊन गेला होता. मायाप्पानं तो फोटो दोन बोटांनी मोठा केला होता. खडक मोठे झाले. खडकांना कान होते. एका खडकाच्या कपाळावर पांढरा चट्टा होता, ती त्याची चांदी नावाची मेंढी. बार्शी सोडून आठवडा झाला होता आणि मायाप्पा हिप्परग्याच्या काठालाच उतरला होता. बहिणीला तो एवढंच म्हणाला, "माज्या मेंढरांना आवतण पोचलं. मला न्हाय पोचलं." आणि फोन ठेवला.

आता चिमाबाईचाही निर्णय झाला होता. मामा नाही तर समुद्र नाही. लग्न मंगळवेढ्याला, दारात, आणि फोटो काढायला तिच्या जावेचा पोरगा. ती ओरडली नाही, हेच शमशादला जास्त लागलं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. सलमानला तिनं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "गल्ती तेरी, तो पाँव भी तेरेच. जा."

शनिवारी सकाळी ती सोनालीला स्कूटीवर मागं बसवून तुळजापूर रोडला लागली. तलावाला वळसा घालून पलीकडं गेल्या तर खडक समोरच उभे, पाला ओरबाडत. मायाप्पा मामा बुटका, लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. त्यानं दोघींना पाहिलं आणि मेंढरांशीच बोलायला लागला. चांदे, सरक बाजूला, समुद्रावरची माणसं आली. तुला भरती-ओहोटी कळती का गं? न्हाय कळत? मग आपलं काय काम तितं.

सोनालीचे डोळे भरले. शमशाद मात्र पुढं झाली. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाची माफी आखूड असते, तशी तिची होती. ती म्हणाली, "मामा, चिमाबाईंनी सांगितलेलं होतं. सोनालीनं टाकला नाही, धनाजीनं टाकला नाही. मी टाकला. मला राहवलं नाही."

मामानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "का न्हाय राहवलं?"

"समुद्र होता म्हणून."

"ह्यो?" मामानं काठीनं तलाव दाखवला. मग घोंगडं झटकून खाली बसला आणि म्हणाला, बरं, खरा कसा असतो ते तरी सांग. तू तर लई हिंडलेली दिसतीस.

शमशादनं तोंड उघडलं. लाटा, नारळाची झाडं, एवढं आलं, आणि पुढं तिला फक्त घडीची आडवी रेघ दिसायला लागली. हा माणूस मेंढीचं तोंड मैलावरून ओळखतो, ह्याला काय फसवायचं. "मी पाहिला नाही मामा," ती म्हणाली. "एकदाही नाही. ह्या लग्नात बघणार होते."

मामानं मान वळवली. "आन तू गं?"

"व्हिडिओ कॉलवर बघितलाय," सोनाली पुटपुटली.

"म्हंजे नवरीनं बघितला न्हाय, फोटोवालीनं बघितला न्हाय, चिमीनं तर मंगळवेढ्याचं तळं सोडून काय बघितलं न्हाय. आन सगळ्या जगाला सांगितलं समुद्रावर या." मामाच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी वाटलं खोकला आहे. मग मुंडासं हलायला लागलं, आणि तो जो हसला तो दोन मेंढरं दचकून पाण्यात गेली. सोनाली हसायला लागली, रडतारडताच. शमशादला हसू आवरेना तशी ती तिथंच गवतात बसली, आणि कशावर बसली ते नंतर कळलं.

पण हसला म्हणून मान सोडला असं नाही. मामा ताठ बसला. म्हणाला, बातमी मोबाईलवरनं दिली ना, मग आवतण बी मोबाईलवरनंच घेतो, पण ते माझ्या बहिणीनं द्यायचं. लावा चिमीला. चिमाबाई व्हिडिओवर आली. समोर भाऊ बघून तिला काय करावं सुचेना. तिनं घाईघाईनं कुंकवाचा करंडा घेतला, आणि भावाच्या कपाळाला म्हणून बोट थेट मोबाईलच्या काचेवर, नेमकं कॅमेऱ्यावरच टेकवलं. इकडं मामाला नुसतं लाल दिसायला लागलं.

"चिमे, माजा डोळा भरलास की गं," तो म्हणाला, तरी मान पुढं करून बसून राहिला. त्यानं कनवटीच्या पिशवीतला भंडारा सोनालीच्या हातात दिला. बहिणीचं बोट काचेवर तिकडं, भाचीचं बोट कपाळावर इकडं, आणि त्याच्या कपाळाला पिवळा टिळा लागला. चिमाबाईनं आवतणाचे शब्द म्हटले, दादा, तुज्या भाचीचं लगीन हाय, तू पाठीशी उभा राहिल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. मामानं ते दोनदा म्हणायला लावले. एकदा ऐकू आलं नाही म्हणून, आणि एकदा ऐकू आलं म्हणून.

मग तो शमशादकडं वळला. आता नवा फोटो काढ, म्हणाला. खडक म्हणून न्हाय, मेंढरं म्हणून.

मेंढरांचा फोटो काढणं म्हणजे वऱ्हाडाचा फोटो काढण्याचाच प्रकार. मधली जागच्या जागी आणि कडेची कुठंच नाहीत. शमशाद गुडघाभर पाण्यात उतरली, तिथून कॅमेरा लावला. मामा मधोमध, शेजारी सोनाली, बुधवारपासून स्कूटीच्या डिकीतच राहिलेली पाटी चांदीच्या गळ्यात. तिनं आकडे मोजले, एक, दोन, आणि तीनला मामानं बिरुदेवाच्या नावानं चांगभलं म्हणत मूठभर भंडारा उधळला. वारा तिच्याच दिशेला. पिवळ्या ढगातून मेंढरं पाण्याकडं धावली, शमशादच्या दोन्ही बाजूंनी घुसली, तिचा पाय सुटला आणि ती बदकन खाली बसली. छातीपर्यंत पाणी, डोक्यावर उचललेला कॅमेरा कोरडा, आणि बोट बटणावरून निघालं नव्हतं.

ह्या फोटोत काहीच पुसायचं नव्हतं. बाभळी, खांब, उडालेला भंडारा, हवेत दोन पाय असलेली चांदी, ओरडणारी नवरी, देवासारखा गंभीर मामा. मजकूर मामानं सांगितला आणि एक अक्षर बदलू दिलं नाही: मायाप्पाच्या भाचीचं लगीन, समुद्रावर, सगळ्यांनी यावं. ह्या वेळी सोनालीनं आधी आईला विचारलं, आईनं व्हय म्हटलं, जावेच्या पोराला नको म्हणून कळवते म्हणाली, आणि मग शमशादच्या ओल्या अंगठ्यानं बटण दाबलं. दुपारपर्यंत धनाजीच्या कोळीवाड्यातून निरोप आला की मामा मेंढरंपण आणणार असतील तर मांडव वाढवतो.

मेंढरं चुलतभावाकडं ठेवायचं ठरलं. पण मामाला आता दुसराच घोर लागला होता. गाडीत सगळ्यात पुढं तो बसणार, समुद्र पहिला तोच बघणार. शमशाद म्हणाली, ते चालणार नाही. मी पुढं बसणार, कारण समुद्र दिसल्यावर तुमचं तोंड कसं होतं ते मला धरायचंय. पिळलेली ओढणी खांद्यावर टाकून ती भांडत होती, आणि मामा काठी आपटून भांडत होता.

"बरं," शेवटी मामा म्हणाला. "माजं तोंड तू धर. मग तुजं कोण धरणार?"

बारा वर्षांत हे शमशादला कुणी विचारलं नव्हतं.

मामानं बंडीतून मोबाईल काढला, घोंगड्यानं पुसला, एक डोळा मिटला आणि तिच्यावर रोखला. पहिला फोटो आला त्यात तिची हनुवटी होती आणि एक मेंढरू. दुसऱ्यात मामाचं बोट.

"हलू नगंस," तो म्हणाला. "बारा मेपातुर शिकतो की."