उठलं की बंद पडणारी मशीन

गवत कापायच्या मशीनवर बसायचं म्हणलं की माझ्या पायात आजही आधी कापरं भरतं. सात-आठ वर्षं रोज बसले, तरीही. लोकांना वाटायचं, लुगड्यातली बाई मशीन चालवते म्हणजे लई धीट असणार. धीट कुठली आली! भीत भीत बसले आणि भीत भीत उतरले, एवढंच माझं शौर्य.

आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात मी आणि माझी जाऊ बागेच्या कामाला होतो. त्याच्या आधी दहा-बारा हंगाम मी आणि आमचे मालक कोयत्यावर गेलेलो. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन बैलगाडीत टाकायची. त्यात माझ्या पाठीचं वाटोळं झालं. मणक्यात गॅप पडली म्हणून डॉक्टरनं सांगितलं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आता बाईनं वाकायचं नाही म्हणजे तिनं करायचं तरी काय, हे त्यानं सांगितलं नाही. बागेचं काम मिळालं तेव्हा मला वाटलं, देवानंच पाठीवर हात ठेवला. रोपांना पाणी घालायचं, पालापाचोळा उचलायचा.

पण कारखान्याच्या ऑफिससमोर मोठं लॉन होतं. चांगलं दोन एकराचं. सभासदांची वार्षिक सभा तिथंच भरायची. ते गवत कापायला आधी विळा होता, मग ढकलायची मशीन आली. ती ढकलताना पाठीतून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी कुणाला सांगायची नाही. जाऊ बघायची आणि माझ्या हातातून मशीन ओढून घ्यायची. "सर तिकडं. मेलीस तर तुझ्या भाकरी मलाच थापाव्या लागत्याल," म्हणायची.

तर एका वर्षी बरा पाऊस झाला, गवत गुडघ्याला लागायला लागलं, आणि आमच्या बागेच्या साहेबांनी मीटिंगमध्ये मंजूर करून घेतलं की बसून चालवायची मशीन घ्यायची. मला बोलावून म्हणाले, "मावशी, आता ढकलायचं संपलं. तुमीच बसायचं. मशीनवाला पुण्याहून दोन मशिनी घिऊन येतोय. बसून बघा, आरामाची कोणती ते तुमीच सांगा."

जाऊला आनंद झाला. माझ्या मात्र हातातला खराटा गळून पडला.

त्याचं कारण सांगते. माझं माहेर नेकनूरकडचं. लग्नाआधी एक दिवस मी शेतात भावाला भाकरी घेऊन गेलते. तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता, बांधावरून चढवत होता. मी लांबून हाक मारली. त्यानं माझ्याकडं बघून हात वर केला, चाक उंचवट्यावर चढलं, आणि तो सीटवरून उडून खाली आला. खाली पडला म्हणजे पुढंच पडला. ट्रॅक्टरला काय कळतंय माणूस पडलाय म्हणून? तो चालतच राहिला. भावावरून गेला, पुढं बाभळीला जाऊन अडला, तरी चाकं फिरतच होती. ती चाकं फिरायचा आवाज माझ्या कानात राहिला, आणि माझी हाकही राहिली. तेव्हापासून मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुद्धा चढले नव्हते. चौसाळ्याच्या बाजारला सगळे ट्रॉलीत जायचे, मी चालत नाहीतर एसटीनं.

मशीन यायच्या दिवशी सकाळी मी लुगड्याचा काष्टा तीनदा सोडला आणि तीनदा घातला. पदराचं टोक चाकात गेलं तर, हेच डोक्यात. मालक भाकरी खात बसले होते.

"कावून एवढी घाबरतीस?" म्हणाले. "लहान लेकराच्या सायकलीएवढी मशीन असतीया ती."

"आवो, पण चाकं चारच हायत ना तिला बी?"

"मग नको बसू. कोयता हाय की आपला." असं म्हणाले, आणि माझ्या पाठीकडं बघितलं. भाकरी तशीच ताटात ठेवून उठले.

म्हणजे माझ्या दोन्ही अंगाला भीती होती. इकडं मशीन आणि तिकडं कोयता. कोयत्याची भीती मोठी होती म्हणून मी कारखान्यावर गेले, दुसरं काही नाही.

पिकअपमधून फळ्या लावून दोन मशिनी उतरवल्या. एक लाल, ऐसपैस. तिची गादी अशी फुगीर की सोफाच. हात ठेवायला दोन्हीकडं जागा, बाजूला ग्लास ठेवायला खळगा.

"अगं बाई, चहाची सोय बी हाय की," जाऊ म्हणाली. "तू गवत काप, मी चहा आणून देत जाईन."

दुसरी राखाडी. सीट साधी, कडक दिसणारी, खाली जाड स्प्रिंग उघडी पडलेली आणि शेजारी एक फिरवायची मूठ. चाकं मात्र मोठी, फुगीर. तिच्याकडं कुणी बघेना. साहेब लाल मशीनच्या गादीवर हात फिरवून म्हणाले, "मावशी, अशी गादी आमच्या चेअरमन साहेबांच्या केबिनात बी न्हाई."

मी बसले. ऑफिसपुढच्या सिमेंटवर ती अशी गेली जशी पाण्यातली होडी. मला वाटलं, उगीच भ्याले. मग मशीनवाल्यानं लॉनवर घ्यायला लावली, पातं सुरू केलं, आणि मशीनचं तोंड गेटकडून ऑफिसकडं करून म्हणाला, "चला मावशी, सरळ."

दहा पावलं गेले नाही तोच चाक खड्ड्यात उतरलं, लगेच वर चढलं, आणि गादीनं मला चेंडूसारखं वर फेकलं. त्याच क्षणी मशीन बंद. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसले. छातीत असं धडधडत होतं की वाटलं अजून मशीनच चालू आहे. पुन्हा चालू केली, पुन्हा खड्डा, पुन्हा उडाले, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर माझ्या तोंडून भावाचं नावच निघालं.

"बिघडलेली दिसतीया," साहेब म्हणाले.

"बिघडलेली नाही साहेब," मशीनवाला म्हणाला. "सीटखाली स्विच आहे. पातं चालू असताना चालवणारा सीटवरून उठला, की मशीनला वाटतं माणूस पडला. ती लगेच बंद होते. मावशींचं वजन किती?"

"एकेचाळीस," जाऊनं सांगितलं. "ओल्या लुगड्यात."

"तेच तर. वजन कमी, त्यात जमीन खडबडीत. काही अडचण नाही, मी वायर जोडून टाकतो. मग कितीही उडा, बंद पडणार नाही. बऱ्याच जागी तसंच करून देतो आम्ही."

"जोडा, जोडा," साहेब म्हणाले.

तो वाकून सीटखाली हात घालायला लागला. मी अजून वरच बसलेली. विचारलं, "मग मी खरंच पडले तर?"

"तुम्ही कशाला पडाल मावशी?"

"पडले तर म्हणते मी. तर मशीन काय करंल?"

तो साहेबांकडं बघायला लागला. "चालू राहील," म्हणाला. "पण असं होत नाही."

मी खाली उतरले. मशीनलाच धरून उभी राहिले. इतकी वर्षं माझ्या कानात जो आवाज होता, त्यावरचा इलाज त्या सीटखाली होता, आणि हा माणूस तो काढून टाकायला निघाला होता! माझ्या भावाच्या ट्रॅक्टरला असा स्विच असता तर?

"साहेब," मी म्हणलं, "वायर जोडली तर मी बसणार न्हाई."

साहेब वाईट नव्हते. हळू आवाजातच म्हणाले, "मग दुसऱ्याला बसवावं लागंल मावशी. पावलापावलाला बंद पडली तर लॉन कापून कधी व्हायचं? आणि ढकलायची मशीन तुमच्यानं होत न्हाई, ते मला दिसतंय. मी बोलत न्हाई, एवढंच."

मला वाटायचं पाठीचं साहेबांना ठाऊक नाही. जाऊ म्हणाली, "मी बसते हिला मांडीवर घिऊन. दोघींचं वजन भरंल." सगळे हसले. मी हसले नाही. मला समोर फक्त कार्तिकातली ऊसतोड दिसत होती, आणि डोक्यावरची मोळी.

नजर वर करवेना म्हणून मी जमिनीकडं बघत राहिले. आणि बघता बघता ध्यानात आलं की हे खड्डे कसेही पडलेले नाहीत. ओळीनं आहेत. ऑफिसला आडवे, लांबच्या लांब.

त्याच्या तीन वर्षं आधी लई मोठा दुष्काळ पडलेला. ऊसच नव्हता, कारखाना बंद होता, आणि ह्याच जागेवर जनावरांची छावणी लागली होती. आमची बैलजोडी तिसऱ्या दावणीत होती. मी चार महिने तिथंच चुलीपाशी राहिले, टँकरची वाट बघत. जनावरं एका ओळीत उभी राहून राहून, खुरांनी उकरून उकरून प्रत्येक दावणीखाली लांब चर पडला होता आणि वैरण टाकायची वाट उंच राहिली होती. पुढं वरून माती टाकून लॉन लावलं. दोन पावसाळ्यांत माती बसली आणि दावणी पुन्हा वर आल्या. गवताखाली दिसत नव्हत्या, पण मला तर कुठल्या खुंट्याला कुणाची म्हैस होती तेही सांगता आलं असतं.

"ती दुसरी मशीन द्या," मी म्हणलं. "तिची ही मूठ कशाची?"

"स्प्रिंगची. वजनाप्रमाणं घट्ट-सैल करायची. मी माझ्या वजनाची लावलीय."

"मग माझ्या वजनाची लावा की."

त्यानं मूठ फिरवली. मी सीटवर बसून खाली-वर दाबून बघितलं. सीट माझ्याबरोबर खाली गेली आणि माझ्याबरोबरच वर आली, फेकलं नाही. पाय ब्रेकला पुरले. लाल मशीनवर तर अंगठाच टेकत होता.

"साहेब, एक ओळ मारू द्या. मग तुमी म्हणाल तसं."

ऑफिसकडं तोंड न करता मी मशीन आडवी वळवली आणि चारही चाकं तिसऱ्या दावणीच्या चरात घातली. काष्टा मांड्यांनी घट्ट धरलेला. पहिल्या गिअरवर, बैल चालतो त्या चालीनं निघाले. सीट डुलत होती, पण मी सीटवर होते. आमची जोडी बांधलेली ती जागा गेली, पाण्याचा हौद होता ती गेली. मशीन चालूच. ओळीच्या टोकाला जिथं छावणीचं शेण टाकायचे तिथं मोठा उंचवटा होता. मला माहीत होता, तरी चुकवायला जमलं नाही. मी उडाले. मशीन बंद.

साहेब चालत आले. "बंद पडली बघा परत."

"पडू द्या की साहेब. एका ओळीला एकदा. तिथं उकिरडा होता आपला. ह्या अंगानं चालवलं तर दिवसात लॉन होतंय, माझा शब्द. पण वायर हाय तशीच पाहिजे."

ते कापलेल्या पट्ट्यावरून चालत मागं गेले. मग मशीनवाल्याला म्हणाले, "ही राखाडी ठिवा. आणि वायरीला हात लावू नका."

दुसऱ्या दिवसापासून माझा एक नेम झाला. पहिल्या ओळीला मशीन लावायची, पातं सुरू करायचं, आणि पुढं जायच्या आधी स्टेअरिंग धरून सीटवरून जराशी उठायची. रात्रीत कुणी वायर जोडली तर नाही ना, एवढंच बघायला. जाऊ म्हणायची, "रोज सकाळी काय गं तिची परीक्षा घेतीस? इतक्या वर्षांत कधी नापास झाली का?"

नाही झाली. मी उठले की आवाज एकदम थांबायचा, आणि कारखान्याच्या पत्र्यावरचे पारवे ऐकू यायचे. तेवढं ऐकायचं, खाली बसायचं, आणि चावी फिरवायची.